तळघराची तपासणी

५ फेब्रुवारी, सोमवार

इतकी वर्षं झुरळं शोधली, आता धूर शोधायचा.

मॅडमनी सकाळी बोलावून सांगितलं की हॉटेलांच्या स्वयंपाकघरांचं काम दुसऱ्याकडे जाणार. मी आणि मुनी आता धूम्रपानबंदीवर. बार, क्लब, नाचाचे हॉल, कुठेही आत बसून सिगारेट ओढायला या महिन्यापासून बंदी आहे. नदीपलीकडचा सगळा भाग आमच्या गळ्यात. मी विचारलं, "आम्ही दोघंच का?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जास्त बोलता, ते कमी बोलतात. सरासरी बरोबर येईल."

मुनी म्हणजे माझ्याबरोबरचे निरीक्षक. वयाने मोठे, तोंडाने गरीब. आईवडिलांनी काही वेगळं नाव ठेवलं असेल, ऑफिसने मुनी ठेवलं.

जेवताना बाबांना सांगितलं तर हसायलाच लागले. त्यांचं सगळं आयुष्य बारमध्ये पियानो वाजवण्यात गेलं. म्हणाले, "म्हणजे आता माझ्याच गणगोतावर धाडी!" मग जरा वेळाने, "तळघरही तुझ्याकडेच का?"

म्हटलं, हो. जुन्या बाजारातला तो जिन्याखालचा बार. बाबा तिथे तिशीपासून वाजवत होते, आई गेली तेव्हा सोडलं. मालक त्यांचा जिवलग मित्र. लहानपणी मी त्यांना काका म्हणायचे.

"हं," म्हणाले, आणि पुन्हा भाजी वाढून घेतली.

८ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला दिवस. चार ठिकाणं झाली, तीन ठिकाणी सापडले.

पहिल्या बारमध्ये एक गृहस्थ सिगार घेऊन बसलेले. मी नियम वाचून दाखवला. ते म्हणाले, "बाई, हा बार आहे, बालवाडी नाही." मी म्हटलं, "बालवाडीत मला इतकं बोलावं लागत नाही." लोक हसले. मला वाटलं जिंकले, पण गृहस्थाने शांतपणे आणखी एक झुरका घेतला आणि माझ्या तोंडावर सोडला. मी काही बोलणार तेवढ्यात मुनी उठले, भिंतीतली चिकटलेली खिडकी दोन्ही हातांनी ओढून उघडली आणि तिथेच उभे राहिले. गार वारा थेट त्या माणसाच्या मानेवर. दोन मिनिटांत त्याने सिगार विझवली आणि कोट घातला. दंडाची पावतीही निमूट घेतली.

बाहेर आल्यावर मुनी म्हणाले, "बोलून उपयोग नसतो." आजच्या कोट्यातलं एक वाक्य माझ्यावर खर्च केलं.

घरी आल्यावर बाबांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. किती दिवसांनी माझ्या नोकरीत सांगण्यासारखं काही आहे. झुरळांच्या गोष्टी जेवताना कोण ऐकणार? त्यांनी विचारलं, "आता उद्या कुठे?" त्यांना रस वाटतोय हे पाहून बरं वाटलं. आईनंतर ते कशातच रस घेत नव्हते. मी सगळी यादीच घडाघडा म्हटली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज तळघर. दार उघडलं आणि गुलाबाचा वास अंगावर आला. रूम फ्रेशनर, तोही बाटलीभर. बाहेर इतकी थंडी आणि वरचे सगळे झरोके सताड उघडे. टेबलांवरच्या ॲशट्रेंमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या. गिऱ्हाइकं फोटो काढायला बसल्यासारखी ताठ.

काकांनी माझे दोन्ही हात धरले. "केवढी मोठी झालीस! बाबा कसे आहेत? किती महिन्यांत फिरकले नाहीत बघ."

मला वाईट वाटलं. बाबा इतके एकलकोंडे झालेत की जुन्या मित्रालाही भेटत नाहीत. रोज दुपारी फिरायला बागेत जातात तेवढंच.

काउंटरवर एक बाई होती, तिशीची असेल. डोळे लाल, आवाज बसलेला. मी पाणी मागितलं तर ग्लास पुढे करताना तिने असं पाहिलं की जणू काहीतरी विचारायचंय. मग काका जवळ आले आणि ती ग्लास पुसायला लागली. पुसलेलाच पुसत होती.

शेरा लिहिला: नियमभंग आढळला नाही. मुनींनी सही केली, पण जिना चढताना नाक वर करून दोनदा हुंगलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तळघर. पुन्हा गुलाब, पुन्हा पेपरमिंट. या भागात एकही जागा अशी नाही जिथे निदान एखादं थोटूक सापडत नाही. हे एकच देवमाणसाचं दुकान कसं?

बाबांना खोकला झालाय. बागेतून येतात तेव्हा कोटाला सिगारेटचा वास येतो. मी म्हटलं, "ओढायला लागलात की काय?" म्हणाले, "या वयात मी नवीन काही सुरू करत नाही. बाकावर शेजारी म्हातारे ओढत बसतात." मी म्हटलं त्यांनाही दंड करायला हवा, पण बाग माझ्या हद्दीत नाही. कोट गॅलरीत वाळत घातला.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात फोन आला. बाईचा आवाज, फुटक्या भांड्यासारखा. नाव सांगितलं नाही. "तळघरात तुम्ही येता त्या दिवशी अत्तराचं दुकान असतं. तुम्ही येणार हे आम्हाला आदल्या रात्रीच कळतं. एरवी समोरचं माणूस दिसत नाही. मी काम सोडू शकत नाही हो, नाहीतर तुम्हाला कशाला फोन केला असता?" एवढं बोलताना तिला तीनदा थांबावं लागलं. मी विचारलं, कोण कळवतं? म्हणाली, "मालकांना फोन येतो, एवढंच माहीत." आणि ठेवून दिला.

म्हणजे कुंपणच शेत खातंय.

कुठे जायचं हे आदल्या दिवशी दुपारी ठरतं. ते ठाऊक असणारे तिघं. मॅडम, मी, मुनी. मॅडमनीच हे काम मागून घेतलंय. मी तर नाहीच.

आणि रोज दुपारी मुनी फोन घेऊन जिन्यात जातात, भिंतीकडे तोंड करून कुजबुजतात. दिवसभर मौन पाळणारा माणूस जिन्यात कोणाशी इतकं बोलतो? आधी माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता दुसरं काही येत नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

बाबांशी बोलले. म्हटलं, आमच्यातच कोणीतरी फितूर आहे आणि मला वाटतं तो मुनीच. बाबा पाणी आणायला उठले. तांब्या टेबलावरच होता.

परत आले आणि म्हणाले, "असा आळ घेऊ नकोस. माणूस सज्जन आहे."

"तुम्ही कधी पाहिलंय त्यांना?"

"तू सांगतेस त्यावरून. खिडकी उघडणारा माणूस फितूर नसतो."

बाबांचं हे असं आहे. कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही, कोणाबद्दल वाईट ऐकायचं नाही. अशाने ऑफिस चालत नाही. शिवाय मी म्हटलं, "त्या काउंटरवरच्या बाईचा आवाज ऐकलात ना तर तुम्हाला झोप लागणार नाही." त्यावर त्यांनी विचारलं, "तिनेच फोन केला होता का?" मी म्हटलं, नाव दिलं नाही, पण आवाज तोच. मग माझ्याच लक्षात आलं की हे बोलायला नको होतं. पण बाबांना सांगितलं म्हणजे काय, भिंतीला सांगितल्यासारखंच.

१ मार्च, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. पुरावा काय, त्यांनी विचारलं. मी जिन्यातले फोन सांगितले. त्या बराच वेळ पेन फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "चौकशी वगैरे नको, गाजावाजा होईल. सध्या त्यांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवते."

मुनींनी डबा, छत्री आणि खुर्चीवरची उशी उचलली. माझ्या टेबलाशी थांबले. "माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "मला काही कल्पना नाही."

ते हो म्हणून गेले. ती खोली तळमजल्यावर आहे, तिला खिडकी नाही.

मी बरोबर केलं. केलं ना?

४ मार्च, सोमवार

बाबांना काल रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला तो ठेवलाच.

"त्याला परत आणता येणार नाही?"

"पुरावा असल्याशिवाय कसं आणणार?"

"पाठवताना होता का पुरावा?"

मला रागच आला. मी म्हटलं, तुम्हाला एका अनोळखी माणसाचा कळवळा येतो, मुलीवर विश्वास नाही. बाबा उठून आत गेले. रात्रभर त्यांच्या खोलीत दिवा होता आणि खोकला चालू होता.

आज सकाळी चहा देताना म्हणाले, "हे बघ, यापुढे मला तुझ्या कामाचं काही सांगत जाऊ नकोस. कुठे जाणार, कुठे नाही, काही नको. म्हाताऱ्याच्या पोटात काही राहत नाही."

रुसलेत. वय झालं की माणसं लहान मुलांसारखी होतात. ठीक आहे, नाही सांगणार.

१२ मार्च, मंगळवार

नीट लिहायला हवं. आज नाही लिहिलं तर उद्या मी त्यातलं काहीतरी गाळेन.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या बाईचा पुन्हा फोन. "संध्याकाळी येऊ नका. आत्ता या. पुढचा हॉल नाही, मागची खोली. स्वयंपाकघरातून वाट आहे, मी कडी काढून ठेवते." मॅडम बैठकीत होत्या. मी निरोप ठेवला आणि ड्रायव्हरला घेऊन निघाले.

पुढचा हॉल रिकामा होता. स्वयंपाकघरात ती उभी होती, नाकाला रुमाल. बोलली नाही, फक्त बोट दाखवलं. आतून पियानो ऐकू येत होता.

मी दार ढकललं. खोलीला एकही झरोका नाही. धूर इतका की दिवे पिवळे दिसत होते. दहा-बारा माणसं, बहुतेक म्हातारी, कोणाच्या हातात सिगारेट, कोणाच्या पाइप. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, कारण सगळे ऐकत होते. पियानोच्या झाकणावर कोणाचीतरी सिगारेट जळत ठेवलेली. वाजवणाऱ्याची पाठ माझ्याकडे होती. मी तो कोट ओळखला. तीन आठवड्यांपूर्वी मीच गॅलरीत वाळत घातला होता.

मी बाबांना वाजवताना कधी पाहिलंच नव्हतं. लहान मुलांना बारमध्ये नेत नसत, आणि घरात पियानो नव्हता. त्यांचे खांदे असे हलतात हे मला माहीत नव्हतं. एक ओळ संपली की ते मान थोडी डावीकडे कलती करतात, पुढची ओळ कोणीतरी कानात सांगत असल्यासारखी. मला तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. मी सूर संपेपर्यंत थांबले. हे कर्तव्यात बसत नाही, तरी लिहून ठेवते.

ते थांबले, खोकले, आणि वळले. मला पाहून दचकले नाहीत. जरासे हसले. दमलेला माणूस घर दिसल्यावर हसतो तसे.

काका धावत आले. "अगं, बस ना! घरचीच तर तू." मी बॅगेतून पंचनाम्याचे कागद काढले. तोवर गिऱ्हाइकं एकेक करून पसार व्हायला लागली. पंचनाम्याला दोन पंच लागतात, जागेवर हजर असलेले. मी एकाला थांबवलं, तो म्हणाला त्याला दिसत नाही. दुसरा म्हणाला तो आत्ताच आला. काका हात चोळत म्हणाले, "पंचच नाहीत, तर राहू दे आजच्या दिवस."

"मी आहे की," बाबा म्हणाले. "मी करतो सही."

काकांचा चेहरा उतरला. "तू? अरे, जन्माची मैत्री आपली."

"म्हणून तर इतके दिवस गप्प बसलो. तू म्हणालास, धूर गेला की गिऱ्हाईक जाईल, गिऱ्हाईक गेलं की ही खोली बंद. मला खोली हवी होती, मी तुझं ऐकलं. एक माणूस माझ्यापायी विनाखिडकीच्या खोलीत जाऊन बसलाय."

तेव्हा कुठे मला कळलं. खरंच तेव्हाच. उद्या कुठे, परवा कुठे, टेबलावर असलेला तांब्या. मी रोज जेवताना त्यांच्या ताटात यादी वाढत होते.

मी लिहीत होते. बाबा शेजारी उभे राहून सांगायला लागले, "लिही. धूर रोज असतो. खिडकी नाही. आणि पुढे लिही की तपासणीची खबर मी देत होतो."

"बाबा, हे पंचनाम्यात येत नाही."

"मग कुठे येतं ते सांग. तिथे लिहितो."

दुसरी सही काउंटरवरच्या बाईने केली. काका तिच्याकडे बघत राहिले. ती सही करताना रुमाल खाली ठेवायला विसरली नाही, मुद्दाम ठेवला, चेहरा दिसेल असा.

घरी आल्यावर जिन्यात बाबा म्हणाले, "घरात माझी बोटं आखडतात गं. तिथे चालतात." किल्ली लागत नव्हती, ती लावली.

१३ मार्च, बुधवार

बाबांनी सकाळी एका कागदावर सगळं लिहून दिलं. मी ते मॅडमसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं. "हा तुमचाच पत्ता ना?"

"हो."

"तुम्हाला कळतंय ना, हे माझ्या टेबलावर ठेवल्यावर तुमचं काय होईल?"

म्हटलं, कळतंय. खरं तर पूर्ण कळत नव्हतं. माझी चौकशी होईल, तोवर बाहेरच्या कामावर जायचं नाही. मुनींना आजच परत बोलावलं.

ते सांगायला मी स्वतः तळमजल्यावर गेले. ते उशीवर बसून जुने गठ्ठे बांधत होते. मी सगळं सांगितलं, कुणी खबर दिली तेही, आणि त्यांचं नाव मीच घेतलं होतं तेही. माफी मागितली. त्यांनी गाठ पूर्ण मारली.

"माझे फोन," ते म्हणाले, "आईला असतात. तिला आता आठवत नाही. गॅस चालू ठेवते. दुपारी फोन करून मी तिला एकेक बटण बंद करायला सांगतो. मोठ्याने बोललो की ती घाबरते."

मी शेजारचा गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला.

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं," म्हणाले, आणि उशी उचलली. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

२१ मार्च, गुरुवार

मागची खोली सील झाली. पुढचा हॉल चालू आहे. मुनी परवा अचानक गेले होते, एकही थोटूक नाही आणि गुलाबही नाही. गिऱ्हाईक? थोडं कमी, म्हणाले. फार नाही. काकांनी काउंटरवरच्या बाईला काढलेलं नाही. मुनींनी त्यांना समोर बसवून सांगितलं म्हणे की तिने सही केलीय, तिला हात लावाल तर मी रोज येईन. हे मुनींच्या तोंडून एका दमात निघालं असेल तर ऑफिसने त्यांचं नाव बदलावं.

काका बाबांचा फोन उचलत नाहीत. बाबा दुपारी खरंच बागेत जातात आता. मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाले, "पाखरं बेसूर आहेत."

कोटाला आता वास येत नाही, पण खोकला तसाच आहे. त्यावरूनच मला धडकी भरली. उद्या डॉक्टरांची वेळ घेते.

२ एप्रिल, मंगळवार

आज तपासण्यांचे निकाल आले. छातीच्या डॉक्टर, वयाने माझ्यापेक्षा लहान. फोटो दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला. फुप्फुसं खराब झालीत, गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते औषधांवर टिकवता येईल. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आजोबा, किती वर्षं ओढत होतात?"

"एकही नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते घरच्यांना ठाऊक असतं म्हणून पाहतात तसं. म्हटलं, "खरंच नाही. ते बारमध्ये पियानो वाजवायचे."

"लोक ओढायचे," बाबा म्हणाले, "मी वाजवायचो."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला. मग विचारलं, तिथे अजून कोण कोण काम करतं?

बाहेर येऊन आम्ही औषधांच्या रांगेत उभे राहिलो. मला वाटलं बाबा आता खचतील. ते खिशातून फोन काढून नंबर शोधत होते, चष्मा कपाळावर ठेवून. मी म्हटलं, काका उचलणार नाहीत हो. त्यांनी हाताने मला गप्प केलं. पलीकडून फुटक्या भांड्याचा आवाज आला, मलाही ऐकू आला.

"मी बोलतोय, पियानोवाला," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी तुझ्याकडे येतोय, तयार राहा. तपासणी आहे." तिकडून ती काहीतरी घाईघाईने म्हणाली. "अगं, नाही नाही," बाबा म्हणाले, "बारची नाही. तुझी."